पळीवाढं म्हणजे नेमकं किती?

अण्णांच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली इंग्रजीत एक ओळ होती: 'लेव्हल फोर डाएट, लेव्हल टू फ्लुइड्स'. आम्ही ती 'हलका आहार' अशा अर्थाने वाचली आणि पुढे गेलो. जून २०२३ची गोष्ट. पक्षाघाताच्या झटक्यानंतर अठरा दिवस मुंबईच्या रुग्णालयात काढून आम्ही आजोबांना डहाणूला घरी आणलं होतं. उजवा हात, रक्तदाबाच्या गोळ्या, वॉकर, भाड्याने आणलेला पलंग, यातच सगळ्यांचं लक्ष होतं.

त्या रात्री आजीने वरणभात केला. मऊ, तूप घालून, वरण जरा पातळच. आजारी माणसाला द्यावं तसं. दुसऱ्या घासाला अण्णांना ठसका लागला. "कोण आठवण काढतंय," आजी सवयीने म्हणाली. चौथ्या घासाला त्यांचा चेहरा जांभळट झाला. तेव्हा तिने ताट बाजूला सारलं आणि पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावला. त्या क्षणी त्यांना देता येण्यासारख्या सगळ्या गोष्टींत पाणी हीच सर्वांत धोक्याची गोष्ट होती, हे मला आज माहीत आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. न समजलेली ओळ दिसली की तिचा अर्थ शोधत बसायचं, एवढं एक कौशल्य माझ्याकडे नक्की आहे. त्या रात्री ती ओळ शोधायला बसलो, आणि पुढचं वर्षभर तिच्यातून बाहेर पडलो नाही. या लेखात त्या ओळीबद्दल लिहायचं आहे, आणि तिने माझ्यापुढे टाकलेल्या एका प्रश्नाबद्दल: धोका पत्करायचं स्वातंत्र्य नेमकं कोणाकडे असतं?

*

आधी थोडं शरीराबद्दल. माणसाच्या घशात हवेचा आणि अन्नाचा रस्ता काही अंतर एकच आहे. आपण गिळतो ती प्रत्येक गोष्ट श्वासनलिकेच्या तोंडावरून जाते. ही रचना किती विचित्र आहे याचं आश्चर्य डार्विननेही १८५९च्या आपल्या ग्रंथात व्यक्त केलं आहे. एक घोट पोटाकडे पाठवताना सुमारे एका सेकंदात तीसेक स्नायूंच्या जोड्या ठरावीक क्रमाने काम करतात. स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिका झाकली जाते, अन्ननलिकेचं तोंड उघडतं. पक्षाघातात या क्रमातलं वेळेचं गणित बिघडतं. सुरुवातीच्या दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना गिळायला अडचण येते; बऱ्याच जणांची ती काही आठवड्यांत कमी होते, काहींची राहते. वैद्यकात याला डिस्फेजिया म्हणतात.

पातळ पदार्थ वेगाने सरकतो. झाकण बंद व्हायला थोडा उशीर झाला की तो थेट खाली, फुप्फुसाच्या दिशेने. म्हणून पाणी आणि चहा धोक्याचे. घट्ट पदार्थ सावकाश सरकतो, घशाला तयारीला वेळ मिळतो. पण फार घट्ट, कोरडा किंवा चिकट असेल तर तो ढकलायला जिभेत जोर लागतो, आणि नाही ढकलला गेला तर घशातच राहतो. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे काही रुग्णांना ठसकाच लागत नाही. अन्न किंवा पाणी चुकीच्या नळीत जातं आणि शरीर गप्प राहतं. हे कळायला बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेचा व्हिडिओ काढावा लागतो, नाहीतर नाकातून दुर्बीण घालून पाहावं लागतं.

आता ती ओळ. डॉक्टरांनी घरच्यांना 'जरा घट्टसर द्या' असं सांगायची पद्धत जगभर होती. अमेरिकेत 'नेक्टरइतकं' आणि 'मधाइतकं' असे शब्द होते, ब्रिटनमध्ये वेगळे टप्पे, ऑस्ट्रेलियात वेगळी नावं. एका रुग्णालयातलं 'घट्ट' दुसऱ्या रुग्णालयात 'मध्यम' निघायचं. २०१३ साली निरनिराळ्या देशांतल्या थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि अभियंत्यांनी मिळून आयडीडीएसआय नावाचा उपक्रम सुरू केला. त्यातून शून्य ते सात अशा आठ पायऱ्या ठरल्या. पेयं शून्य ते चार, खाद्यपदार्थ तीन ते सात. मधल्या तीन आणि चार या पायऱ्या दोन्हींकडे मोजल्या जातात. प्रत्येक पायरीला आकडा, नाव आणि रंग.

मला थक्क केलं ते तिथल्या चाचण्यांनी. दहा मिलीची साधी सिरिंज घ्यायची. दट्ट्या काढायचा, खालच्या तोंडावर बोट ठेवायचं, दहाच्या खुणेपर्यंत पेय भरायचं, बोट काढायचं, दहा सेकंद मोजायचे, बोट परत लावायचं. आत किती उरलं? एक मिलीपेक्षा कमी उरलं तर लेव्हल शून्य, म्हणजे पाणी. एक ते चार मिली उरलं तर एक. चार ते आठ, दोन. आठच्या वर, तीन. थेंबही पडला नाही तर चार. खाद्यपदार्थासाठी काटा: दातांमधलं अंतर सुमारे चार मिलिमीटर असतं, आणि लेव्हल पाचमध्ये मोठ्या माणसासाठी तुकडा त्याहून मोठा नको. तुकडा पुरेसा मऊ आहे का हे पाहायला काट्यावर अंगठा दाबायचा, नख पांढरं पडेपर्यंत. हा दाब साधारण सतरा किलोपास्कल भरतो. गिळताना जीभ जवळपास तेवढाच दाब देते. काटा नसेल तर बोटांच्या चिमटीत दाबा, असंही तिथे लिहिलं आहे. नखाचा रंग हे मोजमाप. ते कोणत्या भाषेत भाषांतर करायला नको आणि विकत घ्यायला नको.

माझ्या धंद्यात प्रमाणांना, म्हणजे स्टँडर्डना, फार महत्त्व असतं. एकमेकांना कधीच न भेटलेल्या दोन माणसांनी लिहिलेले प्रोग्रॅम एकमेकांशी बोलू शकतात, कारण दोघांनी एकच कागद वाचलेला असतो. या मराठी लेखातलं 'ळ' तुमच्या फोनवर 'ळ'च दिसतं, ते त्याच कारणाने. मुंबईतल्या थेरपिस्टने लिहिलेला 'दोन' हा आकडा डहाणूतल्या स्वयंपाकघरात जसाच्या तसा उतरू शकतो, ही कल्पना मला त्या रात्री फार सुंदर वाटली. मग मला आठवलं की तो आकडा आमच्याकडे कार्डावर होताच. त्याचा अर्थ सांगायला कोणी दहा मिनिटं काढली नव्हती, इतकंच.

*

आपल्याकडे दाटपणाला शब्दांची कमी नाही. पेज, गुरगुट्या भात, मऊ भात, आसट भात, मोकळा भात. सरसरीत, सरबरीत, पळीवाढं. यातले काही शब्द म्हणजे चक्क चाचण्या आहेत. पळीने वाढता येतं ते पळीवाढं. दोन बोटांत धरून ओढल्यावर एक तार निघते तो एकतारी पाक. पण हे सगळे शब्द पदार्थ नीट जमण्यासाठी घडले आहेत. पाक चुकला तर लाडू बसत नाहीत, यापलीकडे त्यांची जबाबदारी नाही. आमची पळीवाढी आमटी आणि शेजारची पळीवाढी आमटी वेगळी असली तर बिघडलं कुठे? कोणाच्या फुप्फुसाचा प्रश्न आला की मात्र पळीवाढं म्हणजे नेमकं किती, हे विचारावं लागतं.

अण्णांकडे दिवसभर बघायला एक ताई येत. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या, वारली. अण्णांची नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत, तलासरी भागातच झाली. त्यामुळे त्या त्यांना गुरुजी म्हणत आणि मला दादा. त्यांनी पहिल्याच आठवड्यात नाचणीची पेज करायला घेतली. पीठ भिजवून, फडक्याने गाळून, पळी तिरकी धरून धार बघत. मी सिरिंज घेऊन शेजारी. सात मिली उरली. लेव्हल दोन. ताईंच्या हाताने आणि माझ्या सिरिंजने एकच उत्तर दिलं याचा मला इतका आनंद झाला की मी ते ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. 'पारंपरिक ज्ञान' वगैरे प्रतिक्रिया आल्या.

तरी पेज पिताना अर्ध्यावरून पुढे अण्णांना ठसका लागायचाच. कारण सापडायला चार दिवस गेले. नाचणीचा दाटपणा पिठातल्या स्टार्चमुळे येतो, आणि लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं. चमचा तोंडातून वाटीत, वाटीतून तोंडात. प्रत्येक वेळी थोडी लाळ वाटीत. सुरुवातीला सात मिली उरणारी पेज अर्ध्या तासाने मोजली तर जेमतेम दोन. उष्ट्या चमच्याने वाटी पातळ होत होती. उपाय सोपा होता: छोट्या वाटीत थोडी थोडी काढून घ्यायची, उष्टा चमचा मोठ्या भांड्यात घालायचा नाही. "उष्टं घालायचं नाही हे तर आम्ही पोरांनाही सांगतो," ताई म्हणाल्या. विकतच्या पावडरींत झँथन गम असतो, तो लाळेने तुटत नाही. पण त्या पावडरीला आम्हाला महिन्याला दोन-अडीच हजार रुपये लागत. ताईंच्या घरचा महिन्याचा तेल-मीठ-साखरेचा खर्च त्याहून कमी होता, हे त्यांनीच डबा पुसता पुसता सांगितलं.

वरणभाताचं कोडंही सुटलं. पातळ वरण आणि भाताचे दाणे मिळून एका घासात दोन पदार्थ होतात. वरण आधी निसटतं, शितं मागे राहतात. भात वरणात घोटून एकजीव केला की चालतो, चिकट मात्र होऊ द्यायचा नाही. घोलवडचा पिकलेला चिकू साल काढून चाळणीतून काढला की छान. उन्हाळ्यात कोणी प्रेमाने ताडगोळे घेऊन आलं तर ते मात्र पलंगापासून लांब ठेवायचे: बाहेरून बुळबुळीत, आतून पाणी.

*

अण्णा शिक्षक असल्यामुळे असेल, या सगळ्या काळात मला कोसबाड आठवत राहिलं. आमच्या घरापासून ते काही फार लांब नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग, परदेशी मापांची. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे, एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत, प्रत्येक आधीच्यापेक्षा एका सेंटीमीटरने मोठा. आदिवासी पाड्यावर ते कुठून आणणार? त्यांनी दगड, शिंपले, बिया, पानं वापरली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्याच्या अंगणात नेली, गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणात नेली. आज देशभर रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्दही याच कामातून आला.

ही गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा 'स्थानिक विरुद्ध आयात' अशी सांगितली जाते. मला ती आता वेगळी दिसते. माँटेसरीच्या साधनांत लाकूड आणि गुलाबी रंग हा तपशील आहे. लहानापासून मोठ्यापर्यंतची चढती पायरी मुलाच्या हाताला कळणं हा गाभा आहे. तपशील बदलायचं धाडस करायला गाभा नीट कळलेला असावा लागतो. नाचणीच्या पेजेने आम्हाला तेच शिकवलं. पावडरीऐवजी नाचणी चालते, काट्याऐवजी चिमूट चालते. पण शेवटच्या घोटापर्यंत चार ते आठ मिली उरली पाहिजे, याला पर्याय नाही. साधी सिरिंजसुद्धा बघून घ्यावी लागते. प्रमाणात शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंतची लांबी ६१.५ मिलिमीटर धरली आहे. आमच्या मेडिकलमधली पहिली सिरिंज त्यापेक्षा आखूड आणि जाड निघाली.

याच भरात मी एक अॅपही लिहिलं. फोन उशाशी ठेवायचा, जेवताना ठसका लागला की तो नोंद करणार, आठवड्याचा आलेख काढणार. दोन शनिवार-रविवारांत तयार झालं. थेरपिस्ट मॅडमना व्हिडिओ कॉलवर अभिमानाने दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि ज्या वेळी ठसका लागत नाही, त्या वेळी?" ज्या रुग्णाचं शरीर गप्प राहतं त्याच्या आलेखावर माझं अॅप आठवडाभर हिरवी रेघ काढणार होतं, आणि घरचे ती पाहून निर्धास्त होणार होते. मी ते फोनमधून काढून टाकलं. माझ्या कामात चूक झाली तर आपण दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवतो. इथे ती सोय नव्हती.

*

ऑगस्टपर्यंत घडी बसली होती. ताईंचा हात बसला होता. मुंबईला सहा वेळा जाऊन हनुवटीखाली इलेक्ट्रोड लावून गिळण्याचा व्यायामही झाला. स्नायू जोरात आकसले की पडद्यावरचा चेंडू वर उडतो. "या वयात पहिलीत बसवलंत," अण्णा म्हणाले, पण चेंडू उडवत राहिले. डहाणू रोड ते चर्चगेट सव्वाशे किलोमीटर. सातव्या वेळी ते नको म्हणाले, मग व्यायाम फोनवरून. सगळे आकडे बरोबर होते. आणि अण्णांनी खाणं बंद केलं.

तोंड मिटून घ्यायचे. तीन दिवस. त्यांना बोलता येत होतं, जरा जड, पण कळण्यासारखं. तिसऱ्या दिवशी आजीने विचारलं, "अहो, हवंय तरी काय?" ते म्हणाले, "चहा. चहासारखा."

आम्ही त्यांना रोज दोनदा चहा देत होतो, पावडर घालून घट्ट केलेला. तो जिभेवर चहासारखा वागत नाही. गरम जेलीसारखा सरकतो आणि घोट घेतल्यावर तोंडात थर राहतो. मी तो एकदाही पिऊन पाहिला नव्हता. त्या दिवशी प्यायलो. दुसरा घोट घेतला नाही. अडीच महिने आम्ही त्यांच्यासाठी काय सुरक्षित आहे हे मोजत होतो आणि घरातल्या एकानेही त्यांना विचारलं नव्हतं की अण्णा, तुम्हाला काय वाटतं? उभं आयुष्य मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारा माणूस, आणि त्याच्या जेवणाबद्दलचा प्रत्येक प्रश्न आम्ही ताईंना, मॅडमना आणि सिरिंजला विचारला होता.

इथे प्रमाणाची हद्द संपते. सिरिंज पेय किती दाट आहे ते सांगते. अमक्या माणसाने ते प्यावं का, हे ती सांगत नाही. पण आकडा हातात आला की दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. निदान मला वाटलं. शिवाय विज्ञानही त्या बाबतीत वाटतं तितकं ठाम नाही. पेय घट्ट केल्यावर चुकीच्या नळीत कमी जातं हे एक्स-रेच्या पडद्यावर दिसतं. पण त्यामुळे न्यूमोनिया किंवा मृत्यू कमी होतात याचा पुरावा बराच अशक्त आहे. घट्ट पेय आवडत नाही म्हणून माणसं कमी पितात आणि शरीरातलं पाणी घटतं, हे मात्र वारंवार दिसलं आहे. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरातल्या एका पुनर्वसन रुग्णालयाने १९८०च्या दशकातच काही रुग्णांना नियम पाळून साधं पाणी प्यायला देणं सुरू केलं: तोंड स्वच्छ घासलेलं, बसून, जेवणानंतर अर्ध्या तासाने. फुप्फुसात गेलेलं थोडं स्वच्छ पाणी शरीर शोषून घेतं. घाण करतात ते तोंडातले जंतू आणि अन्नाचे कण. ही सवलत साध्या पाण्याची आहे, दूधसाखरेच्या चहाची नाही.

मॅडमनी हे सगळं अण्णांना सांगितलं. आम्हाला नाही, अण्णांना. फोन त्यांच्यासमोर धरायला लावून. पाणी चालेल. चहा दिला तर धोका वाढेल, किती ते सांगता येणार नाही. न्यूमोनिया झाला तर तो जिवावर बेतू शकतो. अण्णांनी दोन प्रश्न विचारले. ताप आला तर किती वेळात दवाखाना गाठायचा? आणि चहा चमच्याने की कपाने? मग ठरवलं: सकाळी दात घासून, ताठ बसून, चार चमचे साधा चहा, आल्याचा. बाकी सगळं लेव्हलप्रमाणे. वडिलांनी ते वहीत लिहिलं आणि अण्णांनी डाव्या हाताने खाली सही केली. ब्रिटनमध्ये अशा निर्णयासाठी रीतसर मार्गदर्शक सूचना आहेत; आमच्याकडे दोनशे पानी वही होती. दुसऱ्या दिवसापासून ते जेवायला लागले.

*

या सहीबद्दल मी बऱ्याच दिवसांनी ताईंशी बोललो तेव्हा त्यांनी त्यांच्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली. चार वर्षांपूर्वीची. त्यांनाही असंच एका बाजूने गेलं होतं. सीमेपलीकडे गुजरातमधल्या एका दवाखान्यात आठ दिवस ठेवून घरी आणलं. पेज, भात, सुकटीचं कालवण, चहा, कधी ताडी. मागतील ते दिलं. खोकायचे. मग ताप आला, उतरला, परत आला. "तापाने गेले," ताई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "आता वाटतं, तापाने नसतील."

हे मी एका मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "पण बघ ना, तुझे आजोबा एका चमचाभर चहासाठी तीन दिवस उपाशी राहिले. तो म्हातारा शेवटपर्यंत मनासारखं खाऊन-पिऊन गेला. कोण जास्त स्वतंत्र होता?"

हा प्रश्न चलाख आहे, आणि काही काळ मला तो पटलाही. शहरी आरोग्यव्यवस्था माणसाच्या ताटात नको इतकी शिरते, हे मी आमच्याच घरात पाहिलं होतं. पण त्यात एक घोळ आहे. अण्णांनी धोका पत्करला. ताईंच्या सासऱ्यांनी तो पत्करला नव्हता. तो आहे हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दोघांच्या ओठांशी तोच चहा होता. एकाच्या चहामागे काही माहिती होती: काय होऊ शकतं, टाळायचं तर कसं, झालं तर अर्ध्या तासात गाडी कुठे न्यायची. दुसऱ्याच्या मागे यातलं काहीच नव्हतं. जे नाकारायची सोय नव्हती ते स्वीकारलं, याला निवड म्हणता येणार नाही. त्यांना कदाचित चहाच हवा असता, ताडीही हवी असती, आणि तो त्यांचा हक्क होता. पण ते त्यांचं उत्तर ठरायला आधी कोणीतरी त्यांना प्रश्न विचारायला हवा होता.

म्हणून प्रमाणांबद्दलचं माझं मत आता असं आहे. पलंगाशी बसलेला माणूस जेव्हा म्हणतो की मला आकडे नकोत, चहा हवा, तेव्हा आकड्यांनी बाजूला व्हावं. पण तिथपर्यंत पोचायला आधी ते आकडे त्या घरात पोचलेले असावे लागतात. डहाणूच्या घरात ते उशिराने, कार्डावर एका ओळीत का होईना, पोचले. पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या पाड्यावर पोचले नाहीत. आणि जे पोचायला हवं होतं ते काही महागडं यंत्र नव्हतं. एक सिरिंज, दहा सेकंद, नखाचा रंग, तोंड घासून ताठ बसवायची सूचना, आणि फोनवर प्रश्नाचं उत्तर देणारं एक माणूस. यातली शेवटची गोष्टच सर्वांत दुर्मीळ आहे. ती तंत्रज्ञानाने भरून निघेल असं मला दोन शनिवार-रविवार वाटलं होतं.

*

अण्णा गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात, ऑगस्ट २०२४मध्ये गेले. न्यूमोनियाने. चहामुळे का? ते सांगता येत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचं वय होतं, हवा दमट होती, घरात सगळ्यांनाच सर्दी होती. पेजेतूनही काही गेलं असेल. वही मी अनेकदा उघडून पाहिली आहे. सहीमुळे माझी सुटका होत नाही, आणि ती व्हावी म्हणून ती घेतलेलीही नव्हती. इतकंच म्हणता येतं की त्या चौदा महिन्यांपैकी शेवटच्या जवळजवळ बाराही महिन्यांत सकाळची पंधरा मिनिटं त्यांनी स्वतः ठरवलेली होती.

जाताना ताई सिरिंज मागून घेऊन गेल्या होत्या. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंना झटका आलाय, ठसका लागतो, घरच्यांनी यांना बोलावून घेतलं. "पेज पाचवर थांबते दादा. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो. "उष्टा चमचा?"

"तो वेगळा ठेवलाय." मग म्हणाल्या, "चहा मागते ती. देऊ?"

मी मॅडमशी बोललो. त्या व्हिडिओ कॉलला तयार आहेत, मात्र म्हणाल्या की मी आधी त्या बाईंशीच बोलणार. पाड्यावर नेटवर्क लागत नाही. येत्या रविवारी घरचे त्यांना रिक्षाने हायवेवरच्या नाक्यापर्यंत आणणार आहेत.